भाद्रपद पौर्णिमेचं मौन

"मौन धरलं की धरलं, पूर्वा. घराला आग लागली तरी आधी पाणी ओतायचं, बोंब मागाहून मारायची."

आईचा हा आवाज दर पौर्णिमेला पहाटे पूर्वाच्या कानात जागा व्हायचा. आईला, वासंतीबाईंना, जाऊन चार वर्षं झाली होती. माणसं मूळची वर्ध्याकडची. बाबा, दिनकर, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि लखनौतच राहिले, वृंदावन योजना वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात. आई गेली, पण आईची पौर्णिमा मुलीनं सोडली नाही. पहाटे त्रिशरण, मग पाचाऐवजी आठ शीलं, दुपारनंतर अन्न नाही, फुलं-अत्तर नाही. आणि सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्यापर्यंत शब्द नाही. हे शेवटचं काही आठ शीलांत येत नाही; ते आईनं आपल्या पदरचं घातलेलं. लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणं.

त्या वर्षी आषाढ पौर्णिमेला, भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला त्याच दिवशी, ती विहाराच्या पायऱ्या झाडत होती. पिंपळाची ओली पानं दगडाला चिकटून बसली होती, झाडूला दाद देत नव्हती. पाठीमागून एक आवाज आला, हिंदीत, घाईचा पण अदबीचा. आईचे गुडघे दुखतात, दुसरीकडून वर जायला रस्ता आहे का, असं कुणी तरी विचारत होतं.

पूर्वा वळली. भिजलेला निळा शर्ट, चष्म्यावर थेंब, आणि त्याच्या दंडाला धरून उभी एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई. पूर्वानं ओठांवर बोट ठेवलं आणि झाडूनंच मागच्या उताराकडे खूण केली. त्याला कळलं नाही. त्यानं मोबाइल पुढे केला, यात लिहून सांगा म्हणून. तिनं मान हलवली. तो आणखीच गोंधळला.

"अरे, मुकी दिसते बिचारी," त्या बाई मराठीत हळूच म्हणाल्या. "नको छळूस. पण डोळे काय आहेत बघ पोरीचे... आणि तू आपला बावळटासारखा उभा."

पूर्वाला हसू फुटलं. तिनं ते ओढणीत लपवलं, झाडू भिंतीला टेकवला, त्या बाईंचा दुसरा दंड धरला आणि मायलेकांना उतारावरून आत नेलं. वाटभर तो खुणा करत राहिला — चपला इथे? बसायचं तिथे? जाताना तर बहिऱ्याशी बोलावं तसे ओठ मोठे मोठे हलवून 'धन्यवाद' म्हणाला.

पुढच्या रविवारी मराठी ग्रंथवाचन होतं. छावणीतली, बँकांतली दहा-बारा मराठी कुटुंबं वर्षावासात दर रविवारी जमायची आणि पाळीपाळीनं वाचायची. पाळी पूर्वाची होती. छावणीतल्या शाळेत गणित शिकवून कमावलेल्या खणखणीत आवाजात तिनं पहिलं वाक्य वाचलं, आणि तिसऱ्या रांगेतला निळा शर्ट ताठ झाला. त्याचे कान लाल झालेले तिला पुस्तकाच्या वरूनही दिसले.

वाचन संपल्यावर तो चहाचा कप घेऊन तिच्यापुढे आला.

"तुम्ही... बोलता?"

"पौर्णिमा सोडून रोज," ती म्हणाली. "माझे डोळे बघून झाले, की अजून थोडा वेळ बावळटासारखं उभं राहायचंय?"

तो अभिराम. वाढलेला जबलपूरला, त्यामुळे त्याच्या मराठीत 'अच्छा' आणि 'यार' खिचडीतल्या शेंगदाण्यांसारखे मधूनच दाताखाली यायचे. गॅस कंपनीत इंजिनिअर. बदली होऊन लखनौत आला, आईला घेऊन गोमती नगरात फ्लॅटमध्ये राहिला. आई, मधुमतीकाकू, कुणाशी मराठी बोलायला मिळत नाही म्हणून सुकत चालल्या होत्या. म्हणून तो मराठी माणसं शोधत विहारापर्यंत आला होता, आणि पहिलंच मराठी माणूस त्याला मुकं भेटलं.

मग रविवार पुरेनासा झाला. काकूंची औषधं निशातगंजातच मिळतात असं त्यानं ठरवून टाकलं, आणि ती घ्यायला पूर्वा बरोबर लागते असंही. एका संध्याकाळी गोमतीच्या काठावर दोघांत एकच भुट्टा घेतला, आणि लिंबू जास्त झालं यावर भांडता भांडता 'तुम्ही'चं 'तू' होऊन गेलं. कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा दोघंही एकदम पाण्याकडे बघू लागले.

श्रावण पौर्णिमेला ती गप्प असणार हे माहीत असूनही त्यानं तिला नदीवर बोलावलं. तिच्यासमोर बसून बन-मक्खन खाल्लं, आणि बाहेरून कसं कुरकुरीत, आतून कसं मऊ, याचं घासागणिक वर्णन केलं. तिला दुपारनंतर खायचं नव्हतं. ती नुसती डोळे वटारत होती. मग त्यानं खिशातून बेल्याचा, मोगऱ्याचा गजरा काढला. फुलं माळायची नाहीत, तिनं मान हलवली.

"अच्छा, उद्या माळ. शिळा चालेल मला." वारा सुटला होता, तिची ओढणी त्याच्या मनगटावर येऊन टेकली होती, आणि दोघांपैकी कुणीच ती काढत नव्हतं. "पूर्वा... मी आवडतो का तुला?"

ती पाण्याकडे बघत राहिली.

"तथागत मौनानंच होकार द्यायचे. लोक भोजनाला बोलवायचे, ते गप्प राहायचे, आणि लोक समजायचे की येणार. मागच्या रविवारी तूच वाचलंस." त्याचा आवाज हसरा होता, पण खालून कापत होता. "मग झालं की यार. ठरलं."

दुसऱ्या दिवशी सूर्य पुरता वरही आला नव्हता, तेव्हा तिनं फोन केला.

"काल विचारलंस ना..."

"हां."

"हो."

पलीकडे नुसता श्वास. "आता तू का गप्प?" तिनं विचारलं.

"मौनानं होकार देतोय," तो म्हणाला.

तो शिळा गजरा तिनं त्या दिवशी शाळेत माळून नेला. फुलं कडेनं तपकिरी झाली होती. वास मात्र होता.

त्याच आठवड्यात काकूंनी तिला स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसवलं, आणि अभिराम बाहेर गेलाय असं बघून सांगितलं की त्याचे वडील वारले तेव्हा तो सात वर्षांचा होता. पोराला सोसणार नाही म्हणून घरच्यांनी सांगितलं, बाबा बाहेरगावी गेलेत. आठ दिवस. आठ दिवस पोरगं संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. नवव्या दिवशी शाळेत कुणीसं सांगितलं. त्यानंतर महिनाभर तो काकूंच्या हातचं जेवला नव्हता.

"मरण सोसलं त्यानं, खोटं नाही सोसलं," काकू म्हणाल्या. "मी गेल्यावर त्याला गोड बोलून जपणारे पुष्कळ भेटतील. तू जपू नकोस. तू खरं सांगायचं, कडू असलं तरी. देतेस शब्द?"

पूर्वानं मेथीच्या ओल्या हातानं त्यांचा हात धरला आणि मोठ्यानं सांगितलं, "दिला."

श्रावण संपता संपता काकू न्हाणीत पडल्या. मेंदूत रक्तस्राव. त्या पडल्या त्या पुन्हा बोलल्याच नाहीत. अतिदक्षता विभागात यंत्र त्यांच्या वतीनं श्वास घेत होतं, आणि अभिराम बाहेरच्या बाकावर दाढी वाढवून बसला होता. दिवस मोजायचं त्यानं दहाव्या दिवशी सोडलं. त्यानंतर डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं की करण्यासारखं आता काही उरलेलं नाही; असंच चालू ठेवता येईल, किंवा सही करून घरी नेता येईल. साताऱ्याहून राजाराममामा फोनवर सकाळी म्हणायचे सोडव बाबा तिला, आणि संध्याकाळी म्हणायचे घाई करू नको.

अभिरामनं पूर्वाला विचारलं, "मी धरून ठेवलंय ते प्रेम आहे की नुसता हट्ट?"

आणि पूर्वानं सांगितलं, धरून ठेवणं हेच दुःखाचं मूळ आहे. वर्गात फळ्यावरच्या गणिताचं उत्तर सांगावं तितक्या सहज सांगितलं. ते वाक्य विहारात तिनं शंभरदा ऐकलं होतं, पन्नासदा म्हटलं होतं. कुणाच्या आईच्या उशाशी उभं राहून ते पहिल्यांदाच म्हणत होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

भाद्रपद पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तिला पाच मिनिटं आत सोडलं. तिनं काकूंचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात परित्राण पाठ म्हणायला लागली. मध्येच तिच्या बोटावर दाब आला. एकदाच. अगदी हलका... जसं झोपेत मूल बोट धरतं तसा. ती थांबली. वाट पाहिली. पुन्हा काही नाही. नर्सला सांगितलं तर ती मायेनं म्हणाली, होता है दीदी, अपने आप हो जाता है. डॉक्टर निघून गेले होते. बाहेर बाकावर अभिराम, दोन रात्रींच्या जागरणानंतर, बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपला होता. तोंड किंचित उघडं. तिला त्याला उठववलं नाही.

घरी येताना ती स्वतःला समजावत राहिली. दाब आला की आपल्याला हवा होता म्हणून वाटला? आसक्तीला बोटंसुद्धा फुटतात. मौन सुटलं की परवा सकाळी शांतपणे सांगू त्याला. एका दिवसानं काय होतंय.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन वाजला. मौनात असताना ती फोन घ्यायची नाही. हा घेतला.

"बोलू नकोस, माहितेय मला आज पौर्णिमा," अभिराम म्हणाला. आवाज घासून घासून पातळ झालेला. "नुसतं ऐक. डॉक्टरांना बारापर्यंत सांगायचंय. कागद माझ्या हातात आहे. सगळे म्हणतात तुझं तू ठरव... यार, आईचं असं कसं कुणी ठरवतं? तू म्हणाली होतीस, सोडावं. अजून तसंच वाटतं ना तुला?"

पूर्वाच्या तोंडात एक शब्द होता. थांब. दोन अक्षरं. थांब, मी येते, माझ्या बोटाला काही तरी जाणवलंय. जीभ दातांना टेकलीही होती.

आणि त्याच क्षणाला दुसरंही काही होतं, जे तिनं पुढे कितीतरी रात्री उलगडून पाहिलं. मी थांब म्हटलं, आणि काकू आणखी महिनाभर तशाच नळ्यांत पडून राहिल्या, तर ते माझ्यामुळे. मी सोड म्हटलं, तर तेही माझ्यामुळे. मौन मात्र कुणामुळेच नसतं. चार वर्षं अखंड पाळलेलं व्रत भिंतीसारखं तिच्यापुढे उभं होतं, आणि ती त्या भिंतीच्या आड उभी राहिली.

फोनमधून यंत्राचा टिक् टिक् आवाज येत होता.

"कळलं," बऱ्याच वेळानं अभिराम म्हणाला. "मौनानं होकार." मग अगदी हळू, "थँक यू, पूर्वा."

वृंदावन योजनेपासून ते हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. एक शब्द न बोलताही तिला जाता आलं असतं. नुसता त्याचा सहीचा हात धरता आला असता. ती मूर्तीसमोर मांडी घालून बसून राहिली. आधी पाणी ओत, असं आईनं सांगितलं होतं. पूर्वानं तोंड तेवढं मिटून घेतलं, पाण्याला ती उठलीच नाही.

काकूंना घरी आणलं. दिवेलागणीला त्या गेल्या. पूर्वा तेव्हा तिथे होती, पांढऱ्या साडीत, गप्प. अभिराम तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि जमलेल्या बायका एकमेकींना म्हणाल्या की पोरीचा केवढा आधार आहे त्याला.

पुढचे काही आठवडे गेले. अभिराम सावरत होता. जेवत होता, झोपत होता, आणि येईल त्याला सांगत होता की पूर्वा नसती तर मी आईला असंच अडकवून ठेवलं असतं. तो हे म्हणायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक निवलेपण असायचं. ती ते बघायची, आणि रोज पहाटे चौथं शील म्हणताना, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणताना, तिचा आवाज घशातच विझायचा. ती खोटं कुठे बोलली होती? ती तर काहीच बोलली नव्हती.

आश्विनाच्या सुरुवातीला त्यानं सांगितलं, नोव्हेंबरात गुवाहाटीला बदली आहे. त्याआधी लग्नाची नोंदणी करून टाकू. तुझे बाबाही आपल्याबरोबर येतील, तिथल्या घरातली वरची खोली त्यांना देऊ.

"आयुष्यभर सगळ्यांनी मला जपून खोटं सांगितलं," तो म्हणाला. "खरं फक्त तूच सांगितलंस. आणि तेही न बोलता."

ती हसली. हसता आलं याचीच तिला भीती वाटली. पौर्णिमेपर्यंत वेळ दे, एवढंच ती म्हणू शकली.

ती विहारातल्या भन्तेंकडे गेली. म्हातारे, देवरियाकडचे, गुडघ्यावर घोंगडी घेऊन पिंपळाखाली बसलेले. तिनं सगळं सांगितलं, बोटावरच्या दाबासकट. मग त्यांनी याच मुलखातली, कोसलातली एक जुनी गोष्ट सांगितली. काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण नको म्हणून तीन महिने आपसांत एक शब्द न बोलता काढले, आणि कौतुक होईल या आशेनं श्रावस्तीला तथागतांकडे गेले. तथागतांनी त्यांना झापलं. मेंढरं राहतात तसे राहिलात, म्हणाले. आणि तेव्हापासून वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी प्रवारणा सुरू झाली: एकमेकांपुढे बसायचं आणि जे पाहिलं, जे ऐकलं, जी शंका आली, ते सांगायचं.

पूर्वाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईलाही सांगितलं नसावं.

"आसक्ती माणसांवरच बसते असं नाही, उपासिके," भन्ते म्हणाले. "व्रतावरही बसते. आणि तिथे ती ओळखू येत नाही, कारण तिनं पांढरे कपडे घातलेले असतात."

मग सांगू का त्याला, तिनं विचारलं. त्याची झोप जाईल. तो पुन्हा त्या फाटकाशी जाऊन उभा राहील, आणि या वेळी त्याला तिथे उभं करणारी मी असेन.

"मी उत्तर दिलं, तर तू माझ्याआड लपशील," भन्ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

सात दिवस तिनं दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहिला. तिच्या विषयातली सगळ्यांत सोपी रीत. सांगितलं तर तो जातो. कदाचित त्याचं निवलेपण जातं, आणि ती बोटाची गोष्ट आयुष्यभर त्याच्याबरोबर जाते, जिचं खरं-खोटं आता कुणीच सांगू शकणार नाही. नाही सांगितलं तर तो मिळतो. गुवाहाटी मिळते, त्याच्या शेजारी उठणं मिळतं, त्याचं 'यार' मिळतं. आणि दर पौर्णिमेला तो हसून म्हणणार, आज तू गप्प, म्हणजे सगळ्याला होकार. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं, कारण प्रत्येक वेळी ती एका बाजूला स्वतःला धरायला विसरायची. शेवटी हिशेबात एकच गोष्ट उरली, जी कुठल्याच बाजूला बसत नव्हती: मेथीचे ओले हात, आणि 'दिला' हा शब्द.

आश्विन पौर्णिमेची, वर्षावासाच्या शेवटच्या दिवसाची पहाट. तिनं त्रिशरण म्हटलं, आठही शीलं घेतली. चौथ्याला आवाज विझला नाही. मूर्तीसमोरच्या वाटीत तो वाळलेला गजरा होता. तिनं तो उचलला नाही. खिडकीच्या जाळीतून पहिलं ऊन भिंतीवर आलं. मौनाची वेळ झाली.

बाबांनी नेहमीप्रमाणे न बोलता चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. पौर्णिमेला ते रेडिओसुद्धा लावायचे नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "मी अभिरामकडे जाऊन येते."

बाबांनी एकदा भिंतीवरच्या उन्हाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"काहून गं? आज तर..."

"काकूंना शब्द दिलाय. आजच बोलायचं आहे."

तिला कळेना, बाबांना किती ठाऊक आहे ते. परतीच्या वेळी आपण एकट्या असू, गोमती नगरातलं ते दार पुन्हा आपल्यासाठी उघडणार नाही, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, आणि या जाणिवेत धम्माची शांती वगैरे काहीही नव्हती. नुसतं दुखत होतं. ती पायात चपला घालत असताना बाबा आत गेले, आणि माठातल्या पाण्यानं भरलेली बाटली घेऊन आले.

"पाणी घेऊन जा," ते म्हणाले.

कोपऱ्यावर तेलीबागपर्यंत जाणारी ई-रिक्षा उभी होती; गोमती नगरची रिक्षा तिथून मिळायची. 'काकूंनी माझं बोट दाबलं होतं,' पूर्वा मनात म्हणत होती. पहिलं वाक्य हेच असायला हवं, त्याच्या आधी दुसरं कुठलंही नको.

"तेलीबाग, भैया," ती म्हणाली, आणि बाटली मांडीवर घट्ट धरून बसली.